कडोली ते गुवाहाटी, मधे सहा तास

पहाटे पाचला इंदुमावशी गाडीत बसली,
मांडीवर पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू,
आणि काकती यायच्या आत मी सुरू झालो.
सहा वर्षं बेंगळूरच्या एअरपोर्टवर टॅक्सी चालवलीय मी.
आत कधी गेलो नाही,
हे तिला सांगितलं नाही.

ऐक मावशी. बेंगळूरला उतरलीस की
सगळे जातात तिकडं जायचं नाही.
सगळे बाहेर जातात. तुला आतच राहायचंय.
बॅग मागायची नाही,
बॅग आपली आपण पुढच्या विमानात चढते.

“म्हणजे बॅग मला सोडून जाणार
आणि मी तिच्यामागनं.”
व्हय.
“कोथिंबिरीच्या पेंढ्या जायच्या की तशा,
टपावर टाकून, गोव्याला.
चिठ्ठी नीट बांधली असली की पोचायच्या.”

शहर अजून उठलेलं नव्हतं.
किल्ल्याजवळ एक टेंपो, मिरच्यांची पोती,
वर झोपलेला पोरगा.
ती मान वळवून बघत राहिली,
भाव विचारायचा राहिल्यासारखी.

गेटचा नंबर कागदावर असतो, पण बदलतो.
अर्ध्या तासानं पाटी बघायची.
“कन्नड आकडे येतात मला.
एसटीच्या नंबरपाटीवर शिकले.”
तिथं इंग्रजी असतात.
“मग सोपंच की. काय भ्या घालूलैस?”

चहा अडीचशेला. पिऊ नको.
बाटली रिकामी ने, आत नळ आहे.
आणि कुणी म्हणालं, जरा बघा हो माझी पिशवी,
तर बघायची नाही. अजिबात.

इथं ती हसली. पहिल्यांदा.

“संकेश्वर स्टँड.
तू जन्मला नव्हतास.
शेवटची गाडी गेली, माझ्या दोन बुट्ट्या वांग्यांच्या,
एक बाई पिशवी ठेवून गेली, जरा बघा म्हणून.
उजाडेपर्यंत बघितली.
आली नाही.
आत काय होतं, सांगू? फुटके कप. नुसते फुटके कप.
कुठं टाकायचे तिला कळलं नसेल.
सहा तास काय सांगूलैस मला, भावकाण्णा.
फक्त एवढं सांग,
तिथं बसायला टेकू असतो का पाठीला?”

असतो, म्हणालो.
असणार.
मला जे माहीत ते मागच्या सीटवरचं,
फोनवर बोलणाऱ्या माणसांचं:
उशीर झाला, कनेक्शन चुकलं, मधेच अडकलोय.
टेकूबद्दल कुणी बोललं नव्हतं.

बसवण कुडची गेली. मुतगे आलं.
उजाडत होतं आणि निळ्या दिव्यांची रांग
रानातनं सांबऱ्याकडं चाललेली.

दारात बंदूकवाल्यानं आधारकार्ड बघितलं,
तिच्याकडं बघितलं, परत कार्डाकडं.
फोटोत कुंकू मोठं होतं.
मी पुढं सरकलो, तर त्यानं हात आडवा केला.
काचेपलीकडं ती चार पावलं गेली,
थांबली,
सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली:

“रिकामा परत जाऊ नकोस!
मुतग्याच्या क्रॉसला दूधवाले असतात.
वीस वीस घे. कॅनचे वेगळे!”

आणि मला पाठ करवलेलं सगळं
विसरल्यासारखी,
सगळे जात होते तिकडंच गेली.

तीन माणसं, पाच कॅन.
गाडीला दुधाचा वास येईल चार दिवस.
किल्ल्यापाशी टेंपो तसाच, पोरगा उठून दात घासत होता.

नऊ वाजता मिस्ड कॉल, एकदाच वाजलेला.
ठरलं होतं तसं: एक म्हणजे बसले.
दोन म्हणजे चुकले.
मी फोन डॅशबोर्डवर, दिसेल असा ठेवला.
भाडी घेतली, दोन सोडली,
तीन वाजेपर्यंत कॅम्पाच्या पुढं गेलो नाही.

दुसऱ्यांदा वाजला नाही.
पाठीला टेकू होता का
ते आल्यावर विचारेन.